उपचार कोणाच्या हाती?

गडचिरोली जिल्ह्यातल्या 86 गावांच्या आरोग्याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर ग्रामीण महाराष्ट्राचे दुखणे कसे बदलत गेले ते स्पष्ट दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अभ्यासलेली ही गावे आहेत. नव्वदच्या दशकात तिथे सगळ्यात मोठी चिंता होती ती पहिल्या महिन्यातच दगावणाऱ्या बाळांची. हजार बाळे जन्माला आली की त्यातली साठच्या आसपास महिना पुरा होण्याआधीच जात. पुढे 2011 ते 2013 या काळातल्या मृत्यूंची कारणे शोधली गेली. घरच्यांकडून शेवटच्या आजाराची हकिगत लिहून घेऊन डॉक्टरांनी प्रत्येक मृत्यूचे कारण ठरवले, आणि पहिल्या क्रमांकावर आला पक्षाघात. सातातला एक मृत्यू त्याने झालेला होता, नेमके सांगायचे तर 14.3 टक्के. पक्षाघाताने गेलेल्या माणसांपैकी 87 टक्के माणसे घरातच गेली होती. पक्षाघाताच्या मुळाशी बहुतेक वेळा वर्षानुवर्षे न मोजलेला, किंवा मोजूनही उपचाराविना राहिलेला रक्तदाब असतो. म्हणजे आजार पाळण्यातून आजोबांच्या खाटेकडे सरकला, पण मरण यायचे ठिकाण तेच राहिले, घर. मग उपचारही घराजवळ, घरापर्यंत पोचणाऱ्या माणसाच्या हातून का होऊ नयेत, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

या प्रश्नावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते. डॉक्टर खेड्यात जात नाहीत, तोवर नाइलाज म्हणून गावातल्या एखाद्या बाईला थोडे शिकवून काम भागवायचे; पुरेसे डॉक्टर मिळाले की ही तात्पुरती सोय बंद. मला हे उत्तर मुळातच चुकीचे वाटते. ज्या आजारांत काही तासांचा उशीर जीव घेतो, आणि ज्या आजारांत वीस-वीस वर्षे न चुकता औषध घ्यावे लागते, अशा दोन्ही प्रकारांत जवळ राहणारी, ओळखीची, मोजकेच पण नेमके शिकलेली व्यक्ती दूरच्या डॉक्टरपेक्षा काही कामे अधिक चांगली करते. ही तडजोड नाही, ती उपचाराची वेगळी आणि त्या कामापुरती सरस पद्धत आहे. याचा पुरावा आपल्याच देशात साठ-पासष्ट वर्षांपासून साचत आला आहे.

सुरुवात मद्रासपासून करावी लागते. 1950 च्या दशकात क्षयरोग म्हणजे सॅनेटोरियम असे समीकरण होते. स्वच्छ हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती आणि घरच्यांपासून दूर महिनोन्‌महिने मुक्काम. मिरज आणि पाचगणीची सॅनेटोरियमे महाराष्ट्राला परिचयाची होती. पण देशात क्षयरोगी लाखांनी होते आणि खाटा मात्र हजारांनी. तेव्हा औषधे नुकतीच हाती आली होती. मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्रात डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 193 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोघांनाही औषधे तीच दिली. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला आणि दुसरा आपल्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या खोलीत, अपुऱ्या जेवणावर. वर्षभराच्या उपचारांनंतरचे निष्कर्ष 1959 मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्या रुग्णांचे निकाल सॅनेटोरियमच्या जवळपास येऊन पोचले होते, आणि घरात राहून औषध घेणाऱ्यांमुळे घरच्यांना अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही. या अभ्यासाने जगभरातली सॅनेटोरियमे ओस पडायला मोठा हातभार लावला. त्याच वेळी एक नवी जबाबदारी पुढे आली. औषध परिणामकारक आहे, पण रुग्णाने ते रोज घेतले तरच. म्हणजे कस औषधाचा लागत नव्हता, पाठपुराव्याचा लागत होता. पुढे क्षयरोगाच्या कार्यक्रमात गोळी कोणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायची पद्धत आली, ती इथूनच.

मग हा पाठपुरावा करायचा कोणी? या प्रश्नाला जामखेडने उत्तर दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले, तेव्हा त्यांनाही आधी शिकलेल्या परिचारिकाच गावागावांत ठेवायच्या होत्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावात राहणे अवघड जाई, आणि गावातल्या बायाही त्यांच्यापाशी मन मोकळे करीत नसत. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत निरक्षर बाया होत्या, दलित कुटुंबांतल्या होत्या, परित्यक्ता होत्या. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावात वापरून पाहत. बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी, लसीकरणासाठी मुले गोळा करणे, कुष्ठरोगाचा डाग ओळखणे अशी कामे त्यांच्या हाती आली. ज्या बाईच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, तिच्या हातून बाळंतपण होऊ लागले, हा बदल आरोग्याच्या कुठल्याही आकडेवारीत मावणारा नाही. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित आरोग्यकार्यावर पुस्तक काढले, त्यात जामखेडला जागा मिळाली. 1978 च्या अल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, तिच्यामागे असेच अनुभव होते.

जामखेडने ही वाट व्यवहारात शक्य आहे हे दाखवले. ती किती परिणामकारक आहे याचे काटेकोर मोजमाप गडचिरोलीत झाले. तिथे आधी प्रश्न आला लहान मुलांच्या न्यूमोनियाचा. न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे आणि स्टेथोस्कोप लागतो अशी डॉक्टरांची सवय. पण मूल मिनिटाला किती वेळा श्वास घेते यावरूनही तो बऱ्यापैकी ओळखता येतो. अडचण इतकीच, की ज्या सुईणींना हे करायचे होते त्यांना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधे साधन तयार झाले. लाकडी पट्टीवर मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरून औषध सुरू करायचे. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्यासाठी मण्यांची ओळ वेगळी, मोठ्या मुलासाठी वेगळी, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद चालतो. दवाखान्यातल्या डॉक्टरने घाईघाईत छातीला नळी लावून केलेल्या अंदाजापेक्षा, पूर्ण मिनिट बाळाच्या पोटाकडे टक लावून मोजलेले श्वास अधिक भरवशाचे असतात, हे यातले खरे वैद्यक आहे. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ठळकपणे कमी झाले.

नवजात बाळांच्या बाबतीत पाऊल आणखी पुढे पडले. 39 गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले गेले, आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. आरोग्यदूत बाळंतपणाला हजर राही, मग महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जाई. बाळाला झोळीत घालून वजन करणे, ताप किंवा थंडावा मोजणे, आई दूध कसे पाजते ते बसून बघणे, बाळ ऊबदार गुंडाळले आहे का पाहणे, असा तिचा क्रम असे. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी मोजकी लक्षणे ठरवली होती. दूध ओढायचे थांबले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, पोट फुगले, अंग गार किंवा गरम लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, बेंबीत पू झाला. यातली काही एकदम दिसली तर आधी दवाखान्यात नेण्याचा सल्ला द्यायचा. घरचे तयार झाले नाहीत, तर त्यांची संमती घेऊन आरोग्यदूतानेच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने प्रतिजैविक सुरू करायचे. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 वरून 25 च्या आसपास आले, आणि तुलनेच्या गावांत ते होते तिथेच राहिले. दोन्हींचा हिशेब मांडला तर तिसऱ्या वर्षी घट 62 टक्क्यांची होती. गावातल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, याला तेव्हा अनेक डॉक्टरांचा कडाडून आक्षेप होता. तो आक्षेप आकड्यांनी खोडला. बाळ रात्री दोनला गार पडते तेव्हा तालुक्याचा बालरोगतज्ज्ञ कितीही हुशार असला तरी तो तालुक्यातच असतो.

सरकारने यातून काय उचलले आणि काय सोडून दिले, हे नीट पाहण्यासारखे आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक बाई 'आशा' म्हणजे आरोग्य कार्यकर्ती म्हणून नेमली गेली. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत. 2011 पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जाते. भेटींचा आराखडा गडचिरोलीचा, पण इंजेक्शन मात्र गाळले गेले. 2014 मध्ये जेंटामायसिन देण्याची परवानगी मिळाली ती उपकेंद्राच्या परिचारिकेला. देशाचा अर्भक मृत्युदर 2005 मध्ये हजारी 58 होता, तो 2020 मध्ये 28 झाला. महाराष्ट्राचा 36 वरून 16 वर आला. ही सगळी घट आशांमुळे झाली असे कोणी म्हणू नये. रुग्णालयातली बाळंतपणे वाढली, लसी वाढल्या, रस्ते झाले, मुली शिकल्या, बाळंतपणे उशिरा होऊ लागली. पण गरोदर बाईला रुग्णालयापर्यंत नेणारी आणि मुलांना लसीच्या सत्रापर्यंत आणणारी बाई बहुतेक गावांत आशाच होती, हेही नाकारता येत नाही.

आता पुढचा टप्पा आला आहे आणि तो अधिक कठीण आहे. 1990 मध्ये भारतातल्या मृत्यूंपैकी 38 टक्क्यांच्या आसपास मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, श्वसनाचे जुने विकार अशा असंसर्गजन्य आजारांनी होत. 2016 मध्ये हे प्रमाण 62 टक्क्यांच्या आसपास पोचले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण प्रौढांत 11.4 टक्के, म्हणजे दहा कोटींवर माणसे, आणि उच्च रक्तदाबाचे 35.5 टक्के निघाले. या आजारांचा स्वभाव मुलखावेगळा आहे. ताप आला की माणूस आपणहून दवाखान्यात जातो. रक्तदाब 170 झाला तरी बहुतेकांना काहीही जाणवत नाही. शेतावर जाता येते, चार भाकऱ्या खाता येतात, मग गोळी कशाला? गोळी सुरू केली आणि दाब 130 वर आला की 'आता बरे वाटते' म्हणून ती बंद होते. मुळात आधीही बरेच वाटत होते. त्यात दवाखाना बारा-पंधरा किलोमीटरवर, जाण्यायेण्यात एका दिवसाची मजुरी बुडणार, ओपीडीत तासभर रांग, आणि डॉक्टरच्या वाट्याला माणशी दोन मिनिटे. खासगीत गेले तर पैसे असतील तितक्या दिवसांची गोळी. दोन आठवडे घेतली, महिनाभर नाही, पुन्हा चक्कर आली की दोन आठवडे. एकेक भेट पाहिली तर प्रत्येक डॉक्टरने योग्य तेच औषध लिहून दिलेले असते. दहा वर्षांचा हिशेब पाहिला तर त्या माणसाला उपचार मिळालेलेच नसतात.

म्हणून वैद्यकाच्या रीतीत जो खरा बदल चालू आहे, तो नव्या यंत्रापेक्षा या दहा वर्षांच्या हिशेबाभोवती आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्राचे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीला होते. त्याची रचना अगदी साधी वाटते. राज्यभर उपचाराचा एकच ठरलेला क्रम. सुरुवात अ‍ॅम्लोडिपिनने, महिन्याभराने दाब 140/90 च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टनची जोड, तरीही नाही आला तर लघवी वाढवणारे तिसरे औषध. तज्ज्ञ डॉक्टरांना असा छापील क्रम अपमानास्पद वाटू शकतो. पण त्याचा एक मोठा फायदा असा, की जिल्ह्याला कोणती गोळी किती लागणार हे आधीच मोजता येते. प्रत्येक डॉक्टर आपल्या पसंतीची वेगळी गोळी लिहीत असेल तर कुठलीच गोळी पुरत नाही. दुसरी गोष्ट, एका वेळी तीस दिवसांची औषधे आणि तीही घराजवळच्या केंद्रातून. तिसरी, दाब मोजणे, नोंद ठेवणे, न आलेल्यांची यादी काढून त्यांच्यापर्यंत पोचणे ही कामे परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा यांनी वाटून घ्यायची. डॉक्टरने निदान पक्के करायचे, औषध सुरू करायचे आणि गुंतागुंतीचे रुग्ण बघायचे. केंद्राचे मूल्यमापनही 'किती जणांना तपासले' याऐवजी 'नोंदवलेल्यांपैकी किती जणांचा दाब आज आटोक्यात आहे' यावर करायचे.

शेजारच्या देशांतला पुरावाही याच दिशेचा आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या 30 ग्रामीण वस्त्यांत, 2,645 रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. अर्ध्या वस्त्यांत सरकारी आरोग्यसेविका नेमाने घरी जाऊन दाब मोजत, समजावत आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवत. दोन वर्षांनंतर त्यांच्या रुग्णांचा वरचा दाब बाकीच्यांपेक्षा सरासरी पाच अंकांनी अधिक उतरला होता. पाच अंक म्हणजे क्षुल्लक नव्हे. जगभरच्या चाचण्यांची गोळाबेरीज सांगते, की तेवढ्याने हृदयविकार-पक्षाघाताच्या मोठ्या घटना दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गरिबांच्या बाजूने घेतलेला असल्याने त्याचा मान राखून उत्तर दिले पाहिजे. शहरातल्या श्रीमंताला हृदयरोगतज्ज्ञ आणि गावातल्या मजुराला आशाताई, ही दुय्यम दर्जाची सेवा नाही का? असती, जर आशाताई ही डॉक्टरऐवजी असती तर. डॉक्टर, तपासण्या, रुग्णालय यांच्या जोडीला ती असेल तर हिशेब वेगळा होतो. शहरातल्या माणसालाही दर महिन्याला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही, नियमित मोजमाप आणि न तुटणारी गोळी लागते. ती त्यालाही बहुतेक वेळा मिळत नाही, हे शहरी दवाखान्यांतले अनियंत्रित रक्तदाब सांगतात. मात्र या उत्तराला एक अट आहे. आशाने पाठवलेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात पोचला की तिथे त्याला बघणारे कोणी असले पाहिजे. पक्षाघात झालेल्याला काही तासांत सीटी स्कॅन मिळाला पाहिजे. ही वरची पायरी रिकामी ठेवून खालच्या पायरीचे कौतुक करायचे असेल, तर आक्षेप घेणाऱ्यांचेच बरोबर आहे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. जामखेड, गडचिरोली ही असामान्य माणसांनी उभी केलेली बेटे आहेत. सरकारी चाकोरीत ती जादू टिकत नाही. यात तथ्य आहे. देशभर लागू झाल्यावर गडचिरोलीइतका परिणाम सगळीकडे दिसला नाही. पण का दिसला नाही, हे शोधले तर जादूची गरज उरत नाही. गडचिरोलीत प्रत्येक आरोग्यदूताच्या कामाची नियमित तपासणी होई, तिच्या नोंदी घरी जाऊन पडताळल्या जात, चुकले तिथे तिथेच शिकवले जाई. तिच्या पिशवीतले औषध कधी संपत नसे. तिची कामे मोजकी होती आणि ती पुन्हा पुन्हा करून हातात बसलेली होती. यातले काहीही असामान्य नाही. हे नीट चालवलेल्या कोणत्याही व्यवस्थेचे गुण आहेत. सरकारी योजनेत नेमके हेच पातळ झाले. काम वाढत गेले, देखरेख फॉर्मांपुरती उरली, औषधांचा पुरवठा खंडित होत राहिला. व्यवस्थेचा दोष माणसाच्या माथी मारू नये.

आशाताईच्या हातात आज काय काय आहे ते पाहा. गरोदर बायांची नोंद, बाळांच्या भेटी, लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, कुष्ठरोगाची शोधमोहीम, डेंग्यूची घरफेरी, कुटुंब नियोजन, आणि आता तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म. सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनाच्या साथीतल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत त्या होत्या, आणि तेव्हा अनेक दारे त्यांच्या तोंडावर लागली. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पण सरकारच्या दप्तरी त्या अजूनही स्वयंसेविका आहेत. बाळाच्या बेचाळीस दिवसांतल्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये. असंसर्गजन्य आजारांचा एक फॉर्म भरण्याचे 10 रुपये आणि एका रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा करण्याचे 50 रुपये. सहा महिने एका माणसाच्या घरी जायचे, गोळी चालू आहे का विचारायचे, त्याच्या रागाला तोंड द्यायचे, केंद्रात घेऊन जायचे, आणि त्याचे मोल 50 रुपये! 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन देण्याची शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. महाराष्ट्रात संप झाले, आझाद मैदानावर त्या आंदोलनाला बसल्या आणि मार्च 2024 मध्ये राज्याने मानधनात 5,000 रुपयांची वाढ मान्य केली. वाढ स्वागतार्ह आहे. पण प्रत्येक वाढीसाठी संप करावा लागतो, यातच त्यांच्या दर्जाचा प्रश्न सुटलेला नाही हे दिसते. कामागणिक पैसे देण्याच्या पद्धतीत आणखी एक खोट आहे. ज्याचे बिल लावता येते तेच काम होते. फॉर्म मोजता येतो, म्हणून फॉर्म भरले जातात. धीर देणे, पुन्हा समजावणे, गोळी सोडलेल्याच्या ओट्यावर अर्धा तास बसणे हे बिलात बसत नाही, आणि रक्तदाबाचा उपचार तर मुख्यतः त्यातच आहे.

याच खोटीचे मोठे रूप म्हणजे तपासणीचे आकडे. 2018 पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, होत आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले, हे चांगलेच झाले. पण एखाद्या बाईचा रक्तदाब मोजला, पोर्टलवर नोंदला, आणि पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा गोळीच संपलेली असेल, तर त्या तपासणीने तिचे काही भले झाले नाही. उलट नुकसान झाले, कारण ती पुन्हा यायची नाही. लोकांना सरकारी केंद्रावर विश्वास नाही, त्यांना डॉक्टरच हवा, सलाईन आणि इंजेक्शनशिवाय समाधान होत नाही, असे सर्रास म्हटले जाते. लोकांची ही आवड काही अंशी खरी आहे, आणि खासगी दवाखान्यांनी ती वर्षानुवर्षे पोसली आहे. तरी विश्वास मुख्यतः अनुभवातून बसतो. सलग बारा महिने जाल तेव्हा गोळी मिळाली, कोणी तरी नावाने ओळखून मागच्या वेळचा आकडा वाचून दाखवला, एकदा चुकलात तर घरी विचारायला कोणी आले, की तेच केंद्र आपले वाटू लागते.

डॉक्टरांनाही या बदलात काही सोडावे लागेल आणि काही नवे शिकावे लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने रोज शंभर रुग्ण स्वतः तपासणे हे आता त्याचे सर्वात मोलाचे काम राहिलेले नाही. आपल्या तीस हजार लोकसंख्येत रक्तदाबाचे किती रुग्ण आहेत, त्यातले किती नियमित आहेत, कोणत्या गावात गोळी सोडण्याचे प्रमाण जास्त आहे, हे त्याला तोंडपाठ हवे. आपल्या परिचारिकेने आणि आशाने केलेले मोजमाप त्याने मानले पाहिजे, पडताळले पाहिजे आणि चुकले तर चारचौघांत न रागावता सुधारले पाहिजे. आपले वैद्यकीय शिक्षण मात्र अजून मोठ्या रुग्णालयातल्या खाटेभोवती फिरते. समोर आलेल्या रुग्णाचे निदान कसे करावे हे विद्यार्थी उत्तम शिकतो, पण न आलेल्या रुग्णाचे काय करावे हे त्याला फारसे कोणी शिकवत नाही. समाजवैद्यकशास्त्र हा परीक्षेपुरता वाचायचा विषय मानला जातो, तोवर हे बदलणार नाही.

पुरावा पुरेसा झाला आहे. आता आणखी एखाद्या आदर्श प्रकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही. आशाला कामगाराचा दर्जा आणि ठरलेला पगार, तिच्या कामांची छाटणी, देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना तेवढाच मान, आणि प्रत्येक उपकेंद्रात रक्तदाब-मधुमेहाच्या ठरलेल्या गोळ्यांचा किमान तीन महिन्यांचा साठा, एवढे राज्याने केले तरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळणारी हजारो माणसे चालती-फिरती राहतील. वाचकांच्या हातातही एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात 2007 पासून लोकाधारित देखरेखीचा अनुभव आहे. अनेक ठिकाणी जनसुनवाईत लोकांनी औषधे का नाहीत असे उघड विचारले आणि औषधे आली. तुमच्या गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहेच. तिच्या पुढच्या बैठकीला जा आणि विचारा: आपल्या उपकेंद्रात अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या आज किती आहेत, आणि मागच्या महिन्यात त्या किती दिवस नव्हत्या?